ओळंबा

बाबांची मान डावीकडे कलली
ती नक्की कधी, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.
आई म्हणते, लग्नाच्या फोटोत सरळ आहे.
पण तो फोटोच भिंतीवर तिरका टांगलाय
आणि टांगलाय बाबांनीच.

होडीच्या पोटाखाली उताणे पडून
फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा,
वरून तेल आणि चंद्रूस.
थेंब डोळ्यात पडू नये म्हणून तोंड जरा बाजूला.
तेवढं ‘जरा’ चाळीस वर्षं.

मान अडली की बाबली न्हाव्याची खुर्ची.
दाढी झाली, पावडर लागली, की बाबली
एक हात हनुवटीला, एक टाळूला,
आणि मटणाचा भाव सांगता सांगता
कडाक्.
सुकी फांदी मोडावी तसा आवाज.
बाबा उठून म्हणत, ‘सुटली.’
चार दिवस सुटलेली असे.

यंदा शिमग्यात सुटली नाही.
उजवा हात मुंग्यांनी भरला,
रंधा पडला पायाच्या अंगठ्याशी.
त्यांनी उचलला नाही. नुसते बघत राहिले.

मग विजयदुर्गाहून रत्नागिरी, एसटीने.
खिडकी त्यांनी मला दिली,
त्यांना बाहेर बघायला वळताच येत नव्हतं.
दवाखान्याच्या पाटीवर लिहिलेलं ‘कायरोप्रॅक्टिक’;
बाबांनी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

डॉक्टर तहसीन मुकादम, वय माझ्याएवढं.
बाबा दारातच थबकले.
एवढीशी पोर हाडं बसवणार?
मग त्यांना भिंतीवरचा दोरा दिसला,
खाली पितळेचा गोळा, अजिबात न हलणारा.
‘ओळंबो,’ ते म्हणाले, आणि चपला काढल्या.

तिने त्यांना दोऱ्यासमोर उभं केलं.
आतला फोटो काढला.
काळ्या काचेवर, कवटीच्या बुडाशी पहिला मणका,
बांगडीसारखा.
‘आख्खं डोकं ह्याच्यावर,’ ती म्हणाली,
‘आणि ही बांगडी सरकलीय इतकी.’ नखभर दाखवलं.
‘नखभर म्हणजे खूप झाला, बाय,’ बाबा म्हणाले,
‘पठाणात नखभर चुकला तर नाळीकडे वीतभर होता.’

मी कडाक्‌ची वाट बघत होते.
तिने कानाच्या मागे, जरा खाली, अंगठा ठेवला
आणि ठेवला, एवढंच.
हापूसचा देठ चाचपून बघावा इतपत.
बाहेर कुणाचा तरी फोन वाजून थांबला.
‘झाला?’ बाबांनी विचारलं, फसवल्यासारखं.
‘आजचं झालं. आणि मान न्हाव्याच्या हातात
पुन्हा द्यायची नाही.’

सहा खेपा झाल्या.
मुंग्या गेल्या असं म्हणवत नाही,
करंगळीत थोड्या आहेत अजून.
उशी पातळ झाली.
बाबलीकडे आता फक्त दाढी,
आणि तो मटणाचा भाव सांगत नाही. रुसलाय.

एका संध्याकाळी, ओहोटीला,
बाबा खाडीकाठी उभे राहिले बराच वेळ.
वाळूत ओढलेल्या सात होड्या, सातही त्यांच्या हातच्या.
सातही किंचित डावीकडे.
मला दिसलं नसतं.
त्यांनी बोट दाखवलं, आणि मग दिसायचं थांबेना.

‘पावणाई’च्या सावलीत रघुवीर तारी जाळं निवडत होता.
‘माझी चूक झाली रे,’ बाबा म्हणाले,
‘होडी डावी ओढता.’
रघुवीरने वर बघितलंही नाही.
‘म्हायती आसा. आमी सुकाणू तेवढा दाबून धरतंव.
माझो झील तसोच शिकलो.
दुसऱ्याची होडी दिली तर खडकार नेता.’
बाबा हसले की नाही, कळलं नाही.
काळोख पडत होता.

घरी येऊन त्यांनी फोटो सरळ केला.
आता आईला तो तिरका दिसतो.

आज सकाळी नव्या होडीचं पठाण मांडलंय,
माडांच्या मध्ये, रघुवीरच्याच झिलासाठी.
बाबांनी ओळंबा सोडलाय
आणि बाजूला ओंडक्यावर बसलेत,
विडी न पेटवता,
वारा पडायची वाट बघत.